बोलू नका, अप्पा

हुरड्याचे दिवस आले हे मला कॅलेंडर सांगत नाही, गिऱ्हाइकांची डोकी सांगतात. मार्गशीर्ष लागला की एखाद्या सकाळी कुणीतरी खुर्चीत येऊन बसतं, मी पाण्याचा फवारा मारतो आणि केसांतून गोवरीच्या धुराचा वास उठतो. ओल्या केसांतला धूर निराळाच असतो. थोडा गोड, थोडा करपलेला. कानामागं ज्वारीचा बारीक कोंडा चिकटलेला असतो. आमच्या धंद्यात कोंडा म्हटलं की गिऱ्हाईक लाजतं, पण हा कोंडा माणूस मिरवतो. "काल दुधनीकडं गेलतो, पावण्याच्या रानात. लई झाक हुरडा हुता!" मी टॉवेलनं मान झटकतो आणि फरशीवर पडलेल्या केसांत ज्वारीची चार तुसं मिसळून जातात.

आजही पहिलंच गिऱ्हाईक धुराचं आलं. आणि कात्री हातात असतानाच दोन वर्षांपूर्वीचा तो हिवाळा आठवला, ज्यात सिद्रामअप्पांचा आवाज जाणार होता.

'जाणार होता' असं लिहितोय, जसा काही तो एसटीनं जाणार होता. पण होतं तसंच. तारीख ठरली होती. अप्पांच्या घशात गाठ निघाली होती, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की संक्रांतीची गड्ड्याची जत्रा होऊन जाऊ द्या, मग स्वरयंत्र काढून टाकू. माणूस राहील, आवाज राहणार नाही. जत्रेला सहा आठवडे होते. सहा आठवड्यांत माणसानं काय काय बोलून घ्यावं, हा विचार मी तोवर कधी केला नव्हता. माझं काम तर माणसांना गप्प बसवण्याचं.

अप्पा पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा दुकान नवं होतं आणि मालक म्हणून मीही नवाच. कोकणातल्या खाडीकाठच्या गावातून, आठवीत शाळा सोडून, मामाच्या ओळखीनं मी सोलापुरात आलो. बारा वर्षं दुसऱ्यांच्या खुर्च्यांमागं उभा राहिलो तेव्हा कुठं विजापूर रोडला, एका बोळाच्या तोंडाशी, स्वतःच्या दोन खुर्च्या झाल्या. घाबरट मी जन्माचा. शटरचं कुलूप दोनदा ओढून बघतो आणि वळणावरून परत येऊन तिसऱ्यांदा. नवं ब्लेड गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर फोडतो, तरी वाटत राहतं, यानं नीट बघितलं ना?

अप्पा उंच, काटक. खुर्चीत बसले आणि आरशातून माझ्याकडं बघत म्हणाले, "नवा हायस व्हय? कुटला?"

"कोकणातला."

"आं! दर्यावरचा! मग आपलं जमलं की. मी बी नेव्ही."

मी ऐकलं, 'मी बी न्हावी'.

मला इतका आनंद झाला! परक्या गावात आपल्यातला माणूस. मी विचारलं, "कुठं होतं तुमचं दुकान?"

अप्पा जरा थांबले. "इशाखापट्टणला."

"बापरे, एवढ्या लांब? खुर्च्या किती होत्या?"

"खुर्च्या कसल्या? बायलर हुते दोन."

मी कात्री धरून नुसता उभा. मग त्यांना उमगलं आणि ते असे हसायला लागले की खुर्ची हलायला लागली. "तू बी? आरं कोकण्या, तू बी तितंच पडलास!" हसता हसता खोकले. तो खोकला तेव्हाही होताच.

'तितंच' म्हणजे कुठं, ते मला त्या दिवशी कळलं नाही. कारण ते सांगायला लागले आणि मी म्हटलं, "बोलू नका अप्पा. वस्तरा मानेवर आहे."

हे वाक्य मी पुढं चार वर्षं म्हणत राहिलो. अप्पा दर दोन दिवसांनी दाढीला यायचे. पायरीवरूनच विचारायचे, "जेवला का रं?" सोलापुरात इतकी वर्षं काढली, पण काही काम नसताना हा प्रश्न विचारणारा तो पहिला माणूस. मी 'हो' म्हणायचो, कधी खरं, कधी खोटं. खोटं असलं तर त्यांना कळायचं, आणि दुसऱ्या दिवशी कागदात बांधलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी यायची. मग ते खुर्चीत बसून सुरू करायचे, "आमी नेव्हीत असताना..." आणि मी ब्रशानं साबणाचा फेस ओठांपर्यंत चढवायचो. बोलू नका अप्पा, लागेल. ते डोळे मिटायचे. गोष्ट फेसाखाली जायची.

त्या वर्षी दिवाळीनंतर त्यांचा आवाज बसला. आधी वाटलं थंडी. मग तो चाळणीतून पडल्यासारखा यायला लागला, थोडा पडायचा, थोडा वरच राहायचा. आणि ज्या दिवशी त्यांनी डॉक्टरांची तारीख सांगितली, त्या दिवशी फेसाचा ब्रश माझ्या हातात तसाच राहिला. चार वर्षं या माणसाला मी गप्प बसवलं होतं. समुद्रावर लढाईला गेलेला माणूस माझ्यासमोर मान वर करून बसायचा, आणि मी त्याला कधी एक प्रश्न विचारला नव्हता.

त्या दिवसापासून मी विचारायला लागलो. वस्तरा बाजूला ठेवून.

समुद्रकाठी जन्मूनही मी समुद्रात गेलेला नाही. तरीच्या होडीत बसून खाडी ओलांडली तेवढीच, तीसुद्धा मला लागते. आमच्याकडं समुद्र म्हणजे दाराबाहेरचा आवाज, बाजारातली मासळी आणि वादळ आलं की आईचा देवापुढं लावलेला दिवा. आणि हा दुधनीकडचा माणूस, ज्याच्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो, ज्याच्या बापानं आयुष्यभर मेंढरं वळली, तो सतराव्या वर्षी भरतीत उभा राहिला आणि जहाजावर गेला. का गेला?

"पानी बघायचं हुतं," अप्पा म्हणाले. "येवढं पानी एका जागी असतंय म्हनं, त्ये बघायचं हुतं."

"मग बघितलं?"

"कुटलं रं! मला टाकलं खाली. बायलरवर. चौफेर पानी, अन् मी आगीत."

एकाहत्तरच्या लढाईत ते एकोणीस वर्षांचे होते. जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीच्या खाली, बॉयलरच्या खोलीत. तिथं भट्टीत तेलाचे फवारे उडायचे. माझा फवारा पाण्याचा, त्यांचा तेलाचा. किती फवारे पेटते ठेवायचे, किती हवा सोडायची, हे त्यांचं काम.

"आमी लढाई बघितलीच न्हाय," ते म्हणाले. "वर दिस हाय का रात हाय, त्ये बी ठावं नसायचं."

"मग तुम्ही लढाईत केलं काय?"

अप्पांनी आरशात माझ्याकडं बघितलं. "दिसू दिलं न्हाय."

मला समजलं नाही. मग त्यांनी सांगितलं. तेल जास्त आणि हवा कमी झाली की काळा धूर निघतो. हवा जास्त झाली की पांढरा. दोन्ही वाईट, कारण सपाट समुद्रावर धूर लांबून दिसतो आणि धुराखाली जहाज आहे हे शत्रूला कळतं. "धूर निगालाच न्हाय असा निगाया पायजे," अप्पा म्हणाले. वरचा धूर खाली दिसावा म्हणून धुराड्यात एक बारकी काच आणि एक आरसा. चार-चार तास ते त्या आरशात बघत उभे राहायचे, धुराचा रंग ओळखत, फवारे कमी-जास्त करत. "दिसभर आरशात बगून काम करनारे दोगंच. एक तू, एक मी."

एरवी मी गिऱ्हाइकाचा चेहरा आरशात बघतो तेव्हा मला फक्त माझी चूक दिसते, एक बाजू उतरली, एक कल्ला वर राहिला. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, आरशात बघून केलेल्या कामावर कुणाचे तरी जीवही अवलंबून असू शकतात.

सोमवारी माझं दुकान बंद असतं. अशाच एका सोमवारी अप्पा मला हुरड्याला घेऊन गेले. बरोबर त्यांची बायको, गौरव्वा. पॅसेंजरनं दुधनी, तिथून पुतण्याच्या टेम्पोत रानात. गौरव्वा कर्नाटकातल्या. कन्नड त्यांची आईची भाषा, मराठी सासरची. मला त्या 'तम्मा' म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ, पण बोलतात आईसारख्या.

रानात ज्वारी माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली. काळी जमीन पायाला गार. ऊन अंगावर घ्यावंसं वाटणारं. कोकणात पिकाचा असा वास नसतो. तिकडं सगळ्याला पाण्याचा वास, इथं सगळ्याला मातीचा. पुतण्यानं आगटी पेटवली आणि खड्ड्यातून काळाभोर धूर उठला. सगळे डोळे चोळत मागं सरले. अप्पा मात्र पुढं झाले. चाळणीतल्या आवाजात म्हणाले, "हवा दे, हवा! काळा धूर म्हंजी आगीचा जीव कोंडलाय." त्यांनी काठीनं दोन गोवऱ्या उचकटल्या, एक उभी केली, वाऱ्याच्या बाजूची माती थोडी खरवडली. बघता बघता धूर नाहीसा झाला. नुसता निखारा आणि वर थरथरणारी हवा. मी त्या हवेकडं बघत राहिलो. पन्नास वर्षांपूर्वी असंच काहीतरी करून यांनी एक अख्खं जहाज झाकलं होतं.

शेजारच्या रानातला एक म्हातारा ओरडला, "न्हावीअप्पा, आग बी भादरली की तुमी!"

मी दचकलो. मला वाटलं मला म्हणतोय. सगळे हसले आणि गौरव्वांनी कणसं आगटीत सारता सारता गोष्ट सांगितली.

अप्पांच्या वडलांनी बाजारात सांगितलं, "पोरगं नेव्हीत लागलं." नेव्ही हा शब्द त्या गावात आधी कुणाच्या कानावरून गेलेला नव्हता. मेंढरं घेऊन वडील घरी येईपर्यंत गावानं पोराला न्हावी करून टाकलं होतं. लोक म्हणाले, "मेंढरं कातरून हात बसलाच हुता, आता मानसं कातरंल." कुणी म्हणालं, मिल्ट्रीत डोकी लई, कामाला तोटा न्हाय.

"मला बी लगीन ठरवताना तसंच सांगितलं," गौरव्वा म्हणाल्या. "मी म्हनलं, बरं हाय. कात्री हातात हाय तर उपाशी न्हाय मारनार. मग थोरल्याचं जावळ काडायचं आलं. मी म्हनलं, भायेरचा मानूस कशाला, घरातच हाय की! ह्येंनी बी काडलं, गप. लेकराचं डोकं उंदरानं कुरतडल्यावानी. तवा मला कळलं, ह्येंला कायबी येत न्हाय."

"सांगायचं न्हाई का व्हय मला, म्हनून सा म्हयनं बोलली न्हाय," अप्पा म्हणाले.

"सा न्हाय, तीन."

सगळे हसले, मीही हसलो. पण आत कुठंतरी बारीक टोचलं. न्हावी झाला यात एवढं हसण्यासारखं काय? गरम हुरड्याचा घास तोंडात घोळवत मी बांधावर जाऊन बसलो. थोड्या वेळानं अप्पा शेजारी येऊन टेकले.

"लागलं व्हय तुला?"

"नाही अप्पा."

"लागलं. मला आरशातला रंग वळखता येतोय, तुजा न्हाय व्हय येनार?" मग बराच वेळ घसा साफ करून ते म्हणाले, "मी कुनाला दुरुस्त केलं न्हाय. का, म्हाईत हाय? लढाई लागनार म्हनून सुट्टी मोडून निगालो, तवा येशीपर्यंत कोन आलं? भावबंद न्हाय. गावचा न्हावी आला, म्हातारा भीमण्णा. धोकटीतनं आपला जुना वस्तरा काडला, फडक्यात गुंडाळला अन् माज्या हातात दिला. म्हनला, 'तितं नवी पोरं असतील, घाबरलेली. हात हळू चालीव.' आता त्येला कसं सांगू, बाबा मी न्हावी न्हाय? त्यो मला आपला समजून आलता."

"मग?"

"मग काय, नेला. भीमण्णा हुता तवर कुनाला बोललो न्हाय. अन् त्यो गेल्यावर कशाला बोलू?"

मला माझ्या बाबांची हत्यारांची धोकटी आठवली. कातड्याची, कोपऱ्यात शिवण उसवलेली. आमच्याकडं धोकटी दुसऱ्याला हात लावू देत नाहीत. आणि त्यातला वस्तरा काढून द्यायचा म्हणजे काय, हे त्या रानात मला एकट्यालाच कळत होतं.

परतीच्या गाडीत गौरव्वा खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून बसल्या होत्या. अप्पा माझ्या कानाशी वाकले.

"कोकण्या, मी आपरेशन करत न्हाय."

"असं कसं अप्पा?"

"मला लिवाय येतंय. मी पाटीवर लिवीन. पर वाचनार कोन? पोरं पुन्याला. घरात दोगंच. हिनं शाळंचं दार बघितलं न्हाय. मला पानी पायजे, दुखतंय, यवडं खुनंनं सांगीन. बाकीचं कसं सांगू? पन्नास वर्सं झाली, रोज काय ना काय बोलतोय. तसाच गप बसून किती दिस जगू?"

गौरव्वांनी डोळे न उघडताच उत्तर दिलं. "सत्त म्याल एन मातु?" आणि मला कळावं म्हणून मराठीत, "मेल्यावर कसलं बोलनं?"

अप्पा खिडकीबाहेर बघायला लागले. गाडी ज्वारीमधून चालली होती.

जत्रा जवळ येत चालली तसं दुकानात गर्दी. संक्रांतीच्या आधी सगळ्या सोलापूरला केस कापायचे असतात. तेलुगू बोलणारे, कानडी बोलणारे, मराठी बोलणारे, सगळे एकाच बाकावर, एकाच वर्तमानपत्राची पानं वाटून घेऊन. अप्पा कोपऱ्यात बसून मला खुणा शिकवायचे. बॉयलरच्या खोलीत इतका आवाज असायचा की शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून त्यांची सगळी भाषा हातांची होती. तळवा वर उचलला की दाब वाढव. मूठ वळली की बंद कर. दोन बोटं फिरवली की फवारा बदल. एकदा घरी माझ्यासमोर त्यांनी त्या खुणा गौरव्वांवर चालवून बघितल्या. तळवा वर उचलला, गौरव्वा उठून उभ्या राहिल्या. मूठ वळली, त्यांनी नळ बंद केला. दोन बोटं फिरवली, त्यांनी मिक्सर लावला.

"चाललंय की!" मी म्हटलं.

गौरव्वा म्हणाल्या, "तम्मा, खुना पोटापुरत्या. मनातलं कसं दावनार ह्ये?"

मी माझ्या परीनं एक उपाय काढला. मोबाइलवर अप्पांचं बोलणं भरून घ्यायला लागलो. ते आधी लाजले. "मशिनीत काय बोलू?" म्हणाले. मग थोडं थोडं बोलले. जहाज पहिल्यांदा हललं तेव्हा पायाखालची जमीन गेल्यासारखं कसं वाटलं. सुट्टीला गावी आल्यावर मेंढरं त्यांच्या अंगाच्या तेलाच्या वासाला कशी बुजली. सगळे तुकडे. एकाचा शेंडा दुसऱ्याला लागत नसे. पण मला तेव्हा हाव सुटली होती. जहाजावर झोपायला काय असायचं? उंदीर होते का? भीती वाटली तर कुणाला सांगायची? भीतीचा प्रश्न मी तीन वेळा विचारला, तो माझ्याच पोटातला होता म्हणून. तिन्ही वेळा ते म्हणाले, "सांगतो की." आणि राहून गेलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दाढी आणि मान साफ करून यायला सांगितलं होतं. दवाखान्यातही ते करतात. अप्पांनी होकार दिला होता की नाही, मला ठाऊक नव्हतं. शेवटच्या चार दिवसांत ते दुकानात आलेच नव्हते. सकाळपासून मी बोळाकडं बघत होतो. ते आले तर ऑपरेशन होणार, नाही आले तर नाही. एका गिऱ्हाइकाचा कल्ला मी खरंच वर-खाली केला.

बाराच्या सुमारास अप्पा आले. पायरीवर थांबले.

"दवाखान्यातल्याला कशाला मान देऊ? मान द्यायची तर तुला."

मी शटर अर्धं खाली घेतलं. ब्लेड फोडलं. वस्तऱ्यात ते नीट बसलं का, हे मी तीनदा बघितलं, आणि माझं ते बघणं त्यांना आरशात दिसत होतं हे मला आरशात दिसत होतं. मी फेस लावला, पण ओठ मोकळे ठेवले. आणि म्हटलं, "अप्पा, आज बोला."

त्या दिवशी मी दर दोन ओढींनंतर वस्तरा उचलत होतो. ते एक वाक्य बोलायचे, मी थांबायचो. ते थांबले की मी एक पट्टी साफ करायचो. अर्ध्या तासाचं काम दीड तास चाललं. आवाज म्हणजे आता नुसती हवा होती, पण शब्द होते.

"भीतीचं इचारत हुतास," ते म्हणाले. "सांगतो."

बॉयलरच्या खोलीत भिंतीला एक पितळी नळी होती. तिचं तोंड कर्ण्यासारखं. वरचे लोक वरच्या तोंडात बोलायचे, खाली कान लावला की ऐकू यायचं. हुकूम तेवढा त्यातून यायचा, दुसरं बोलायची बंदी. लढाईतल्या एका पाळीत वर धाडधाड आवाज सुरू झाले. तोफा आपल्या की त्यांच्या, कळायला मार्ग नाही. जहाज एका बाजूला कललं, सरळ झालं, पुन्हा कललं. दारं वरून बंद. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. अप्पा एका डोळ्यानं धुराच्या आरशाकडं बघत नळीला कान लावून उभे. बराच वेळ नळीतून काहीच आलं नाही. त्यांना वाटलं, वर कुणी राहिलंच नाही. आपण भट्ट्या पेटवतोय ते कुणासाठी?

मी वस्तरा हवेतच धरून उभा.

"अन् मग नळीत कुनीतरी खाकरलं. अन् हळूच इचारलं, 'ऊटा आतेन?'"

जेवण झालं का? कन्नडमध्ये.

"नेव्हीत गेल्यापासनं कानडी कानावर न्हवती रं. माजी आई बी कानडीच. अन् तितं, त्या वक्ताला, तिनं इचारावं तसं! मी म्हनलं, 'आगिल्ल.' न्हाय झालं. तर वरनं, 'आमचं बी न्हाय. थोडं थांब.' बास. मग हुकूम यायला लागलं."

"कोण होता तो?"

"न्हाय कळलं. नळीत आवाज बदलतो. जहाजावर कानडी बोलनारे आमी पाच. बाकी चौगांना नंतर हळूच इचारलं. चौगंबी म्हनले, मी न्हाय. खरं सांगितलं असतं तर शिक्षा. त्यो कुनीतरी अजून असंल, नसंल." अप्पांनी डोळे मिटले. "त्येला काय देनार मी? म्हनून मी सगळ्यांना इचारतो. त्यातला एक त्यो असंल म्हनून न्हवं. इचारावं म्हनून."

शेवटची पट्टी राहिली होती, कंठाच्या उंचवट्यावरची. मी ती हळू साफ केली. वस्तऱ्याखाली त्यांचा कंठ एकदा वर आला आणि खाली गेला. तुरटी लावली, टॉवेलनं टिपलं. अप्पा उठले, आरशात गळ्याकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "झकास." मी ऐकलेला तो त्यांचा शेवटचा शब्द.

ऑपरेशन नीट झालं. अप्पा आजही दाढीला येतात. गळ्यात रुमाल, रुमालाखाली श्वासाचं भोक. त्या भोकाभोवतीची दाढी करताना माझा जीव अजून मुठीत असतो. पायरीवर आले की ते पोटावर हात ठेवून भुवया वर करतात. मी सांगतो, जेवलो अप्पा. खोटं अजूनही ओळखतात.

पण पुढचं सांगायचंय ते गौरव्वांचं. अप्पा घरी आल्यावर मी मोठ्या उमेदीनं मोबाइल घेऊन गेलो. सगळं भरलेलं बोलणं ऐकवलं. गौरव्वांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग मोबाइल माझ्या हातात परत दिला.

"ह्ये कालचं बोलनं, तम्मा. मला आजचं पायजे."

आठ दिवसांनी दुपारी, दुकान रिकामं असताना, त्या आल्या आणि दुसऱ्या खुर्चीत बसल्या. पिशवीतून पाटी काढली. दगडी पाटी, लाकडी चौकटीची. म्हणाल्या, "मला शिकीव."

मी घाबरलोच. आठवीत शाळा सोडलेला माणूस. शाळेत मला कुणी कधी पुढं बोलावलं नाही, फळ्याजवळ तर नाहीच. मी म्हटलं, "अव्वा, मला काय येतंय? शाळेतल्या बाई शोधू."

"बाई मला येडी म्हनंल. तू न्हाय म्हननार."

मी अ अननसापासून सुरुवात केली. त्या म्हणाल्या, "अननस मी कवा खाल्लाय? ह्ये घरात काय अननस मागनार हायत?" मग आम्ही पुस्तक सोडलं. त्यांच्या घरातले शब्द घेतले आणि त्यांतली अक्षरं. वळणं माझ्या हस्ताक्षरातली, म्हणजे वाकडी. कधी एखादं गिऱ्हाईक दाढी करता करता आरशातून बघायचं आणि अक्षर सांगायचं. त्या रागवायच्या, "तुला इचारलंय?" हातात मेंढ्यांचे, चुलीचे, नेव्हीनंतर गिरणीत लागलेल्या नवऱ्याच्या डब्यांचे घट्टे. पेन्सिल त्या बोटांत काडीसारखी मोडायची. काना यायचा, वेलांटी पळून जायची. फाल्गुन गेला, उन्हाळा सगळा गेला. घरी अप्पांनी पाटीवर काही लिहिलं की त्या तोंड फिरवायच्या. अजून येत नाही, म्हणायच्या. अर्धं वाचून कुणाचं मन कळतं व्हय?

मला काळजी लागून राहिली होती. मी चुकीचं शिकवत असलो तर? या बाईनं सगळा भरवसा माझ्यासारख्यावर टाकला आणि त्यातून काहीच उभं राहिलं नाही तर?

श्रावणात एका सोमवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. भाकरी, वांग्याची भाजी, दही. अप्पा आणि मी समोरासमोर बसलो. अप्पांनी दोन घास खाल्ले, थांबले, हात धुतला आणि पाटी ओढली. काहीतरी लिहिलं आणि पाटी गौरव्वांच्या पुढं सरकवली.

त्यांनी तोंड फिरवलं नाही. पाटी हातभर लांब धरली. बोट अक्षराखाली ठेवलं. ओठ हलायला लागले.

"मी... मी...ठ. मीठ." मी घास तोंडात तसाच धरून बसलो. "क... क...मी. कमी."

बोट शेवटच्या वेलांटीवर थांबलं. मग त्यांनी ते एका दमात म्हटलं, "मीठ कमी."

मला वाटलं, आता त्यांच्या डोळ्यांना पाणी येणार.

गौरव्वांनी पाटी दाणकन खाली आदळली. "यवडं सांगायला शिकले व्हय मी? पन्नास वर्सं तोंडानं सांगत हुता, आता लिवून बी त्येच?"

अप्पांचे खांदे हलायला लागले. आवाज नव्हता, पण ते इतके हसत होते की रुमाल सरकला. हसता हसता त्यांनी पाटीकडं हात केला. त्यांना आणखी काही लिहायचं होतं, आणि पुसायला म्हणून पालथा तळवा त्यांनी पुढंही केला.

गौरव्वांनी पाटी उचलली आणि पदराआड घेतली. त्या दिवशी अप्पांना पुढं काय सांगायचं होतं, ते आम्हाला कळलं नाही. आपण वाचलेले ते पहिले दोन शब्द गौरव्वांनी पुसूच दिले नाहीत.